काठावर दोन रात्री

आई-बाबांचा व्हिसा झाला की ओरेगॉनमधल्या मराठी घरांत पुढच्या उन्हाळ्याची आखणी सुरू होते. पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टन-हिल्सबरो भागात चिप बनवणाऱ्या कंपन्यांमुळे आपली माणसं बरीच आहेत. त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात पुण्या-नाशिकहून, साताऱ्या-सांगलीहून कोणी ना कोणी येतंच. मुलगा-सून नोकरीत अडकलेले, नातवंडांची शिबिरं चालू. मग मला फोन येतो. अशा पाहुण्यांच्या सहली आखायच्या आणि गाडी चालवत त्यांच्यासोबत जायचं, हे माझं काम. "त्यांना क्रेटर लेक दाखवायचंच आहे, फोटो बघून बसलेत," असं पलीकडून आलं की मी आधी विचारते, "येणार कधी?"

इथे तारखेवर जेवढं अवलंबून असतं तेवढं दुसऱ्या कशावरच नसतं. तळ्याचा काठ समुद्रसपाटीपासून सुमारे 7,100 फुटांवर, म्हणजे जवळजवळ 2,160 मीटर. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. कळसूबाईच्या माथ्यावरून आणखी पाचशे मीटर चढायचं, आणि तेही विषुववृत्तापासून इतक्या उत्तरेला. सह्याद्री जसा मोसमी वारे अडवतो तशीच इथली कॅस्केड रांग प्रशांत महासागराकडून येणारी ओल अडवते, फक्त ती पावसाऐवजी बर्फ होऊन कोसळते. वर्षाकाठी सरासरी चाळीस फुटांहून जास्त! उत्तरेकडून येणारा रस्ता आणि तळ्याभोवतीचा 33 मैलांचा रिम ड्राइव्ह हिवाळाभर बर्फाखाली गाडलेला असतो. वसंतात बर्फ कापणारी यंत्रं पश्चिमेकडून काम सुरू करतात, आणि पूर्वेकडचा भाग मोकळा व्हायला बहुतेक वर्षी जुलै उजाडतो.

आपले पाहुणे येतात ते मात्र एप्रिल-मेमध्ये. तिकडच्या उन्हातून सुटका व्हावी म्हणून मुलं तीच तिकिटं काढतात, आणि जूनअखेर परत पाठवायचं म्हणतात, कारण तिकडे घर बंद आहे, शिवाय आषाढीला काकूंना घरी असायचं असतं. म्हणून मी मुलांना सांगते, तिकिटं काढण्याआधी मला फोन करा. मे महिन्यात दक्षिणेकडच्या रस्त्याने काठावरच्या रिम व्हिलेजपर्यंत जाता येतं, दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, आणि आभाळ उघडं असेल तर त्या पांढऱ्या कड्यांतलं निळं पाणी फार देखणं दिसतं. पण चालायला वाट नाही, बसायला जागा नाही, पाय घसरण्याची भीती कायम. सत्तरीच्या माणसाला मी तेवढ्यासाठी नेत नाही. जुलैचा मध्य सगळ्यांत चांगला. डास असतात, पण अंगभर कपडे घातले की निभतं. ऑगस्टमध्ये सगळं उघडं असतं, तरी मला ऑगस्टची धास्तीच वाटते. पश्चिमेत कुठेही जंगल पेटलं की धूर वाऱ्यावर इकडे येतो आणि तळ्याच्या खोलगट भांड्यात साचून राहतो. काठावर उभं राहूनही समोरचा कडा दिसत नाही. दम्याचा माणूस गटात असेल तर ऑगस्टची सहल मी घेतच नाही.

दुसरा मुद्दा रात्रींचा, आणि इथे माझा मुलांशी नेहमी वाद होतो. पोर्टलंडहून तळं अडीचशे मैलांच्या आसपास, एका बाजूला साडेचार-पाच तास. "पहाटे निघू, बघून रात्री परत," असं ते म्हणतात. रजा नसते, हे मला कळतं. पण दहा तास गाडीत बसून दीड तास तळं पाहायला सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांना न्यावं, हे मला पटत नाही. त्यातून त्या दीड तासात ढग असला तर? मी दोन रात्रींखाली ही सहल घेत नाही. काठावरच्या 1915 सालच्या जुन्या लॉजमध्ये 71 खोल्या आहेत आणि त्या फार आधी भरतात, म्हणून खोलीचं काम मी तिकिटांच्याही आधी उरकते. तिथे नाही मिळालं तर काठापासून सात मैल खाली मझामा व्हिलेजची छोटी घरं आहेत. तीही नाहीत तर क्रेटर लेक नॅशनल पार्कबाहेर डायमंड लेक किंवा फोर्ट क्लॅमथ. खोलीत स्वयंपाकाची सोय नसते आणि शाकाहारी माणसाला तिथल्या खानावळीत रोज तेच ते खावं लागतं. म्हणून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं घरून बांधून न्यायचं. दशमी दुधात भिजवलेली असल्याने थंडीतही मऊ राहते. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, कारण मोठं इस्पितळ गाठायला क्लॅमथ फॉल्स किंवा मेडफर्डपर्यंत जावं लागतं. आणि स्वेटर. "जुलैत कसला स्वेटर!" म्हणणाऱ्या काकांनीच रात्री माझी शाल मागितलेली आहे.

जाताना मी युजीनला थांबते. पोटपूजेसाठी थांबतो तसेच तिथल्या विद्यापीठाच्या नैसर्गिक आणि सांस्कृतिक इतिहासाच्या संग्रहालयासाठीही. तिथे सेजब्रश नावाच्या झुडपाच्या सालीचे पीळ वळून विणलेल्या चपला ठेवल्या आहेत. सपाट तळवा, पुढे बोटं झाकायला एक पाळ. ल्यूथर क्रेसमन या संशोधकाला 1938 साली फोर्ट रॉकच्या गुहेत अशा कितीतरी चपला सापडल्या, आणि त्या सापडल्या राखेच्या थराखाली. ती राख मझामा पर्वताची. सुमारे 7,700 वर्षांपूर्वी हा पर्वत फुटला. त्याच्या पोटातला शिलारस इतका बाहेर पडला की खाली पोकळी झाली आणि डोंगराचा माथा आत कोसळला. त्या खड्ड्यात पुढची काही शतकं पाऊस आणि बर्फाचं पाणी साचत गेलं, तेच आजचं तळं. चपला मात्र त्या स्फोटाच्याही आधीच्या, नऊ हजार वर्षांहून जुन्या. म्हणजे डोंगर उभा होता तेव्हा इथे माणसं राहत होती. इथल्या मूळनिवासी क्लॅमथ लोकांच्या परंपरेत खालच्या जगाचा लाओ आणि वरच्या जगाचा स्केल यांच्यातल्या युद्धाची गोष्ट आहे, तिच्यात आग बरसते आणि पर्वत खचतो. डोळ्यांनी पाहिलेलं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेल्यांची ती गोष्ट आहे, असं मला त्या चपलांसमोर उभं राहिल्यावर ठामपणे वाटतं. पाहुण्यांना आधी या चपला दाखवल्या की पुढे तळ्यावर माझं बोलणं कमी लागतं.

युजीनहून पुढे 58 नंबरचा रस्ता डोंगरात शिरतो. वाटेत सॉल्ट क्रीक धबधबा रस्त्यालगतच आहे. गाडीतून उतरून चार पावलांवर 286 फुटांची धार दिसते. तिथे स्वच्छतागृहही आहे, आणि या प्रवासात ती माहिती सौंदर्यापेक्षा कमी महत्त्वाची नाही. घाट ओलांडला की झाडी बदलते. पश्चिमेची ओली, शेवाळलेली गर्दी संपून सरळसोट पाइन सुरू होतात, आणि केमल्ट गावाच्या आसपास रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडी फिक्या, पिवळट-पांढऱ्या दिसू लागतात.

एकदा माझ्यासोबत वाईकडचे एक निवृत्त भूगोलशिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणत. दरड दिसल्याबरोबर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून त्यांनी लिंबाएवढा एक खडा उचलला आणि हाताला वजनच लागेना म्हणून दुसऱ्या हातात घेऊन पाहिला. मी पुऱ्यांच्या डब्याचं झाकण पुसून त्यात बाटलीतलं पाणी ओतलं. सरांनी खडा सोडला. तो तरंगला. त्यांनी बोटाने तो तळाशी दाबला, बोट काढलं, तो पुन्हा वर आला. असं त्यांनी कितीतरी वेळा केलं. लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक शेजारून धडधडत जात होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

"चाळीस वर्षं मुलांना सांगितलं, प्युमिस पाण्यावर तरंगतो," ते म्हणाले. "पण आमच्याकडे कुठून दाखवणार? आमचा सगळा काळा पाषाण."

मग तिथेच उभ्याउभ्या त्यांनी आम्हाला शिकवलं. दख्खनचा लाव्हा पातळ होता. भेगांमधून वर आला, त्यातली वाफ आणि वायू सहज निसटले, आणि तो मैलोन्‌मैल पसरत एकावर एक थर रचत गेला. म्हणूनच सह्याद्रीला पायऱ्या पायऱ्या दिसतात. मझामाचा शिलारस चिकट, वायू आत कोंडलेला. दाब सुटल्यावर तो फसफसून उडाला आणि फेस हवेतच गोठला. तोच हा दगड, सगळा भोकाभोकांचा. राख वाऱ्याने कॅनडापर्यंत गेली. सरांनी खडा निरखून होता तिथे ठेवला. पार्काच्या हद्दीत एक खडाही उचलून न्यायचा नाही हे मी आधी सांगितलं होतं, आणि हद्दीबाहेरही त्यांनी तो नियम पाळला. मी आता केमल्टचा थांबा प्रत्येक आखणीत घालते, आणि पाण्यासाठी स्टीलचं झाकण हाताशी ठेवते.

उत्तरेच्या दारातून आत शिरल्यावर आधी एक उजाड, जवळजवळ झाडं नसलेलं मैदान लागतं. ते त्याच स्फोटाच्या राखेचं आणि प्युमिसचं. मग रस्ता चढत काठाला भिडतो. तिथून पुढे गाडी कुठल्या बाजूने वळवायची, हे मी नेहमी ठरवून ठेवते. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते. या दिशेने गेलं की तळं आणि बहुतेक थांबे उजव्या हाताला येतात, समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग ओलांडावी लागत नाही. ही झाली चालकाची सोय. पण एका काकूंनी निघताना आपणहून हात जोडले आणि म्हणाल्या, "प्रदक्षिणाच की ही, देव उजवीकडे ठेवून." तेव्हापासून मी त्या फेरीला प्रदक्षिणाच म्हणते. 33 मैलांना दीड तास पुरतो असं नकाशा सांगतो. मी अख्खा दिवस देते. सन नॉचला थोडं चालून गेलं की खाली पाण्यात उभा असलेला फँटम शिप दिसतो. डोलकाठ्या लावलेलं गलबत असावं तसा तो खडक, या परिसरातल्या सगळ्यांत जुन्या दगडांपैकी एक, सुमारे चार लाख वर्षांचा. पिनॅकल्सला दरीच्या उतारावर राखेचे सुळके उभे आहेत. गरम राखेतून वर येणाऱ्या वाफेने ज्या नळ्या घट्ट झाल्या त्या उरल्या, भोवतालची सैल राख वाहून गेली. धूर असला तर मी तळ्याचा नाद सोडून अर्धा दिवस इथे आणि प्लेकनी धबधब्याच्या सोप्या वाटेवर घालवते.

पाण्याला हात लावायचा, हा हट्ट जवळजवळ प्रत्येक गटात निघतो. तीर्थाला जाऊन पाण्याला स्पर्श न करता परतायचं हे आपल्या माणसांच्या मनाला पटतच नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. पण कडे सरळसोट आहेत. पाण्यापर्यंत उतरणारी वाट एकच, क्लीटवुड कोव्हची. अंतर 1.1 मैल, पण उतार 700 फुटांचा. सदाशिव पेठेतले एक काका म्हणाले, "अगं, मी रोज पर्वती चढतो." पर्वतीच्या पायऱ्या 103. शिवाय आपल्या गडांवर सकाळी ताज्या दमाने चढायचं आणि दमल्यावर उतरायचं असतं; इथे ते उलटं. उतरताना गुडघे खूश, आणि खरी चढण परतताना, भर उन्हात, विरळ हवेत. म्हणून मी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना वॉचमन शिखरावर नेत असे. 420 फुटांची चढण, माथ्यावर वणव्यांवर नजर ठेवायचा जुना मनोरा. तिथून जो हसत खाली यायचा त्यालाच दुसऱ्या दिवशी क्लीटवुडला न्यायचे. काका हसत आले. दुसऱ्या दिवशी खालच्या खडकांवर बसून त्यांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, मग खिशातून रुपयाचं नाणं काढलं.

पाण्यात काही टाकायचं नाही, हे निघतानाच मी सगळ्यांना सांगितलेलं असतं, तरी पाणी दिसलं की नाणं टाकायचा हात आपसूक उठतोच. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "अहो, नको. या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. टाकाल ते इथेच राहील." आदल्या दिवशी रेंजरबाईंनी सांगितलेलं त्यांच्या बरोबर लक्षात होतं. या तळ्याला नदी मिळत नाही आणि त्यातून ओढाही वाहत नाही. बर्फ आणि पाऊस यांतून येईल तेवढंच पाणी, आणि बाष्पीभवनाने आणि खडकांतून झिरपून जाईल तेवढाच खर्च. गाळ आणणारं कोणी नाही म्हणून ते इतकं स्वच्छ. 1997च्या जूनमध्ये पाण्यात सोडलेली काळी-पांढरी तबकडी चाळीस मीटरच्याही खाली दिसत होती. आणि खोली 594 मीटर, अमेरिकेतलं सगळ्यांत खोल तळं. एवढ्या खोल, नितळ पाण्यात उन्हातले बाकीचे रंग शोषले जातात आणि निळा तेवढा परत फिरतो. क्लॅमथ लोकांसाठी ही जागा पवित्र आहे, हेही मी पाहुण्यांना सांगते. आपल्या लोकांना ते समजावून द्यावं लागत नाही. काकांनी नाणं परत खिशात ठेवलं.

लोणारची आठवण बुलढाण्याकडचे पाहुणे हमखास काढतात. गोल खड्डा, त्यात पाणी, म्हणून सारखेपणा वाटतो. पण लोणार उल्केच्या आघाताने झालं, 1.8 किलोमीटर व्यासाचं. हे आठ-दहा किलोमीटरचं, पर्वत आत खचून झालेलं. लोणारचं पाणी वाफ होऊन जातं आणि क्षार मागे उरतात, म्हणून ते खारं. इथलं पाणी झिरपूनही जातं, क्षार साचत नाहीत, म्हणून गोडं.

दोन रात्रींचा माझा आग्रह का, हे सांगायला मी नाशिकच्या एका आजींचं उदाहरण देते. जूनच्या शेवटी त्या आल्या तेव्हा काठ ढगात बुडाला होता. दहा फुटांवरची दगडी भिंत दिसेना. लॉजच्या मागच्या ओसरीवर तळ्याकडे तोंड करून झुलत्या खुर्च्या मांडलेल्या असतात. आजी शाल लपेटून तिथे बसल्या. मुलगा अस्वस्थ, सारखा फोनवर हवामान बघत होता. तिथे रेंजही धड नसते. मी चहाचा थर्मास भरून आणला, दशम्या काढल्या. समोर नुसता पांढरा पडदा. दुपार गेली, संध्याकाळ गेली. आजी मात्र मजेत होत्या. ढगातून विरळ आवाज यायचे, एखादा पक्षी, खाली कुठे तरी सुटलेला दगड. त्या म्हणाल्या, "खाली खूप खोल आहे ना? आवाजावरून कळतंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्या दारावर टकटक केलं. ढग पांगले होते. पाणी काचेसारखं निश्चल, तळ्यातल्या विझार्ड बेटाचा शंकू त्यात उलटा उभा, आणि रंग अजून निळा नव्हता, राखाडी-जांभळा होता. तो निळा रंग उन्हं वर आल्याशिवाय भरत नाही. त्या दोन तास बसल्या. साडेनऊच्या सुमारास पाणी हळूहळू रंगत गेलं, कडेच्या उथळ भागात हिरवट, मध्ये गडद. मुलानेही फोन खिशात टाकला. दिवसाच्या सहलीत आले असते तर त्यांना पांढरा पडदा दिसला असता, किंवा नशीब असतं तर दुपारचं निळं तळं दिसलं असतं. पण ते रंगताना दिसलं नसतं.

क्लीटवुडची वाट आता मोठ्या दुरुस्तीसाठी काही हंगाम बंद ठेवायचं पार्कने ठरवलं आहे. दरड सुटत होती, तेव्हा ते करणं भागच होतं. पाण्याला स्पर्श करणाऱ्यांसाठी मी आखणी बदलली. पार्कच्या उत्तरेला डायमंड लेक आहे, काठ सपाट, भोवती पक्की वाट, पलीकडे थीलसन पर्वताचा टोकदार सुळका. तिथे गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसालाही पाण्यात पाय सोडून बसता येतं. परतीच्या दिवशी दोन तास तिथे.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा फोन आला. आई-वडील कोल्हापूरचे, वडिलांची बायपास झालेली, तिला ऑगस्टचा एक शनिवार मोकळा. मी तिला जुलैचा तिसरा आठवडा सांगितला, वडिलांच्या डॉक्टरांना एवढ्या उंचीबद्दल आधी विचारायला सांगितलं, आणि गुरुवार-शुक्रवारची रजा टाकायला सांगितली. "दोन दिवस तळ्यावर करणार काय?" तिने विचारलं. मी तिला ओसरीवरच्या खुर्च्यांबद्दल सांगितलं. तिने रजेचा अर्ज दिलाय, उत्तर अजून आलेलं नाही. मझामा व्हिलेजमधली दोन घरं मी धरून ठेवली आहेत.